मी गेले आणि साखर उतरली

मी वार बोलतेय. बाळाबरोबर पोटात वाढते आणि त्याच्या पाठोपाठ बाहेर पडते, तीच. वजन जेमतेम अर्धा किलो, पण एक अख्खं घर माझ्या तालावर नाचलं, हे कुणी कबूल करत नाही.

माझा जन्म एका गणिताच्या बाईंच्या पोटात झाला. माझं काम एकच, बाळाला उपाशी ठेवायचं नाही. त्यासाठी मी हार्मोन्स सोडायचे. ते बाईंच्या पेशींना बजावायचे, "इन्सुलिनने कितीही दार ठोठावलं तरी लगेच उघडू नका. साखर रक्तातच राहू द्या, बाळाला लागेल." इन्सुलिन बिचारं दारोदार हिंडायचं. अशा वेळी बहुतेकींचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन करून निभावून नेतं. बाईंचं दमलं. मी मात्र हट्टाला पेटले होते.

सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गरोदरपणातला मधुमेह आहे. रोज बोट टोचून साखर मोजा, वहीत लिहा."

बाईंना सुईची भयंकर भीती. पहिल्या दिवशी त्या यंत्र हातात धरून नुसत्याच बसल्या. शेजारी मटार सोलत बसलेल्या सासूबाईंना राहवेना.

"अगं, माझं बोट घे. एकाच पातेल्यातलं जेवतो ना आपण?"

"अहो आई, असं चालतं का?"

"न चालायला काय झालं? मी काय परकी आहे?"

आणि तीन आठवडे चाललं. सासूबाई बोटं पुढे करायच्या, बाई दोन रंगांच्या शाईत तक्ता आखायच्या. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासणाऱ्या बाई! सासूबाईंची साखर साठीतही तरण्या मुलीसारखी. "आज आपली छान आली हो," असं दोघी एकमेकींना सांगायच्या.

इकडे माझ्यातून बाईंचं इन्सुलिन पलीकडे जात नव्हतं, साखर मात्र खुशाल जात होती. बाळ स्वतःचं इन्सुलिन करून ती अंगी लावत होतं. काय गुटगुटीत झालंय, म्हणून मी खूश.

सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघताना डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "वहीत सगळं उत्तम, मग बाळ इतकं मोठं कसं? असंच वाढलं तर बाहेर येताना अडकेल."

सासूबाईंनी दोन्ही मुठी मिटून घेतल्या. "डॉक्टर, वहीतलं रक्त माझं आहे."

तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. मायेपोटी मी बाळाच्या जिवावर उठले होते, आणि मला थांबता येत नव्हतं. हार्मोन्स सोडणं बंद कसं करायचं, ते मला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बाई डोळे गच्च मिटून स्वतःचं बोट टोचू लागल्या, इन्सुलिनची सुईही घेऊ लागल्या. समोर बसलेल्या सासूबाई प्रत्येक टोचणीला "आई गं" म्हणायच्या.

बाळ सुखरूप बाहेर आलं. मागोमाग मी. नर्सने मला स्टीलच्या भांड्यात उलटसुलट करून पाहिलं, "पूर्ण आहे" म्हणाली आणि झाकण ठेवलं. बाळाचं तोंडही मला दिसलं नाही. पलीकडे बाईंची साखर मोजली, ती उतरली होती. सगळे हसले. माझ्या जाण्याचा कुणाला एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं मला.

बाई, जाता जाता एकच मागते. दीड महिन्याने साखर पुन्हा तपासून घ्या, आणि बोट तुमचंच पुढे करा. इतके दिवस बाळाला आपण दोघी होतो. आता तुम्ही एकट्याच उरलात.