घंटेच्या सिनेमातला तिसरा धडा

हल्ली शाळेत पोरांना नुसता सिनेमा बघू देतील तर शपथ. बघून झाला की त्यातून काय शिकलात ते सांगा, आणि तेही मोजून तीन धडे, रंगीत पुठ्ठ्यावर, चित्रांसकट. टिली दुसरीत होती. सोमवारी तिला वर्गापुढे उभं राहून आपल्या आवडत्या सिनेमातले धडे सांगायचे होते. म्हणून शनिवारी आईला भेटायला येताना ती पुठ्ठा, खडू आणि सिनेमाची डीव्हीडी असं सगळं काखोटीला मारून घेऊन आली.

भेट चर्चच्या तळघरात व्हायची. आदल्या दिवशी ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार, मटण वर्ज्य, म्हणजे तिथे अख्ख्या वस्तीसाठी मासे तळले गेले होते, आणि तो वास सोफ्याच्या गाद्यांतसुद्धा मुरला होता. बाहेर सरोवराकडून आलेला बर्फ मार्च अर्धा सरला तरी पडतच होता. टिलीची आई कोरीन मागच्या दाराने आधीच येऊन बसली होती. टिलीला तिची आत्या जोलीन पुढच्या दाराशी सोडायची. दोघी मोठ्या बायकांची गाठ पडू नये असा तिथला कायदा होता. तरी जोलीनने दारातून डोकं आत घातलंच.

"काय गं, जागी आहेस ना आज?"

"आहे," कोरीन म्हणाली.

"नशीब. पोरीने नाश्त्याला तोंड लावलेलं नाही. हट्टीपणा कुणाचा उचललाय ते सांगायला नको." एवढं सुनावून ती गेली. जोलीनची जीभ तिखट होती, पण टिलीचे केस नेहमी नीट विंचरलेले असत आणि बुटांच्या नाड्या बांधलेल्या असत. नणंदेबद्दल तक्रार करायला कोरीनला तोंडच नव्हतं.

खोलीत तिसरी कायम असायची ती मिस लॉरेटा. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढलेली ही बाई निवृत्त झाल्यावर दर शनिवारी इथे बसून पोरांना भेटायला येणाऱ्या आईबापांवर कोर्टाच्या वतीने नजर ठेवायची. पुढच्या शुक्रवारचे कागदी रुमालांच्या घड्या घालायचं काम ती सोबत आणायची, त्यामुळे तिचं लक्ष नाही असं वाटे. लक्ष पुरेपूर असे. नियम तिने पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते. पोरीच्या कानात कुजबुजायचं नाही. त्या रात्रीचा विषय काढायचा नाही. आणि पुढचं काही बोलायचं नाही, वचन तर मुळीच द्यायचं नाही, कारण आईबापांनी दिलेल्या वचनांपायी याच सोफ्यावर रडलेली पोरं लॉरेटाने ढिगाने पाहिली होती. जानेवारीत कोरीन सहज बोलून गेली होती, "ईस्टरला आपण घरी अंडी रंगवू हं." तेवढ्यावर महिनाभर भेटी बंद पडल्या.

आता गुरुवारी कोर्टाची तारीख होती. आजची भेट बिनबोभाट पार पडली तर रविवारपासून टिली घरी यायला लागेल, पहाऱ्याशिवाय, असं वकिलाने सांगितलं होतं. "हसत राहा, सिनेमा बघ आणि तोंडाला कुलूप लाव," तो म्हणाला होता. भेट फिसकटली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि पुढची तारीख थेट शरद ऋतूत.

कुलपाचं सोपं होतं. हसण्याचं जड जात होतं. प्लॅस्टिकच्या कारखान्यात खोकी उचलून कोरीनची पाठ गेली, पाठीसाठी गोळ्या आल्या, मग गोळ्यांसाठी गोळ्या, आणि शेवटी एके रात्री ती स्वयंपाकघराच्या फरशीवर निळी पडली. टिली अनवाणी शेजाऱ्यांच्या दारात जाऊन म्हणाली, "मम्मी उठत नाहीये." ॲम्ब्युलन्सवाल्यांनी कोरीनला शुद्धीवर आणलं. पाठोपाठ बालकल्याण ऑफिसातल्या एक बाई आल्या आणि टिलीचे कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून टिलीला आत्याकडे घेऊन गेल्या. आता कोरीन रोज सकाळी गोळ्यांची तलफ मारणारं औषध जिभेखाली ठेवायची आणि दिवस काढायची. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला असून आपला नसतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. टिली येऊन बिलगली की ती मनातल्या मनात स्वतःला सांगे: हात उचल, पाठीवरून फिरव, केसांचा वास घे. ती तसं करी. पोर आपल्याला हवी आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. फक्त ते ठाऊक असण्याच्या पुढे सरकत नव्हतं, आणि याची तिला मनातून फार लाज वाटे, निदान वाटायला हवी हे तरी कळे.

सिनेमा सुरू झाला. कार्टूनचाच, पण राजेशाही. बर्फाच्या देशातली राणी विहिरीचं पाणी पिते आणि गाढ झोपी जाते. मंत्र्यांना कळलं तर ते छोट्या राजकन्येला दूरच्या काकाकडे पाठवतील. म्हणून राजकन्या आईचा मुकुट घालते, आईचा झगा पांघरते, सज्जात उभी राहून लोकांकडे बघून हात हलवते आणि कुणाला पत्ता लागू देत नाही. मग एका खोडकर बकऱ्याला घेऊन डोंगरावरची चांदीची घंटा आणते, आईच्या उशाशी वाजवते, राणी डोळे उघडते, आणि सगळा देश गाणं म्हणतो. दोघी मिठी मारतात तिथे रुमालांमागे लॉरेटानेही नाक ओढलं. कोरीनने कोरड्या डोळ्यांनी पाहिलं. मग तिला वकिलाचं बोलणं आठवलं आणि ती हसली.

"चल, धडे," टिली पालथी पडून पुठ्ठ्यावर खडू फिरवू लागली. "पहिला. शूर व्हायचं."

"छान आहे."

"हा सगळेच सांगणारेत. डिलनचा सिनेमा ट्रकचा आहे तरी त्याचा पहिला धडा शूर व्हायचं हाच आहे." तिने नाक मुरडलं. "दुसरा. बकऱ्याशी नीट वागायचं."

"बकऱ्याशीच?"

"प्राण्यांशी गं. पण बाकीचे प्राणी मला काढता येत नाहीत."

लॉरेटा हसली. "माझ्या अंगणात ये बाई, एक नाठाळ बोका आहे, त्याच्याशी नीट वागून दाखव." तिने डब्यातून पेपरोनी भरलेला एक गोल पाव काढून टिलीपुढे ठेवला. "आणि हे खा आधी. रिकाम्या पोटी कसले धडे?"

टिलीने पाव तोंडात कोंबला. कोरीनने घड्याळाकडे पाहिलं. थोडाच वेळ उरला होता. भेट चांगली चालली होती, वकिलाने सांगितली होती अगदी तशी.

"आणि तिसरा?" तिने विचारलं. तिनेच विचारलं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"तिसरा सगळ्यात मोठा." टिलीने घास गिळला. "मम्मी झोपली तर कुणाला सांगायचं नाही."

लॉरेटाचे हात रुमालावर थांबले.

कोरीन सोफ्यावरून पुढे सरकली. सिनेमाबद्दल बोलायला बंदी नव्हती. ती जपून म्हणाली, "पण राजकन्येने सांगितलं असतं तर कुणीतरी मदत केली असती की. राजवाड्याशेजारी कुणी राहत असेलच."

"मदत नाही करत. ते सांगतात मंत्र्यांना. मग मंत्री तिचे कपडे काळ्या पिशवीत भरतात आणि तिला नेतात."

सिनेमात काळी पिशवी कुठेच नव्हती. हे तिघींनाही ठाऊक होतं.

"टिली," लॉरेटा हळूच म्हणाली, "बकऱ्याला शिंगं काढायची राहिली बघ, बाळा."

"थांबा ना, मिस लॉरेटा, मला सांगू दे. मम्मी, मागच्या वेळी माझं चुकलं. मला माहीत नव्हतं. आता मी प्रॅक्टिस केलीये. आधी तोंडावर पाणी मारायचं. मग मोठ्याने हाक मारायची, मम्मी नाही, कोरीन म्हणायचं, मोठी माणसं नावाने लवकर उठतात. तरी नाही उठली तर पातेलं आणि डाव. आत्याकडे मी वाजवून पाहिलं, ती वरच्या मजल्यावरून शिव्या देत खाली आली. आत्या म्हणाली रविवारी मी घरी येणार. मी पातेलं उशाशी घेऊनच झोपणार. कुणालाच कळणार नाही. मग मला नाही नेणार."

हे सगळं तिने आनंदाने सांगितलं. एवढे दिवस राखून ठेवलेली भेटवस्तू द्यावी तसं.

कोरीनला आत काहीतरी व्हायला हवं होतं. झालं नाही. पण डोकं लख्ख चालत होतं. फरशीवर निळं पडलेलं आपलं अंग तिला दिसलं, आणि त्याच्या बाजूला पातेलं वाजवत बसलेली सात वर्षांची पोर, पहाट होईपर्यंत, दार आतून लावून. तिला गुरुवारही दिसला. आता गप्प राहिलं, डोक्यावरून हात फिरवला, "छान धडे आहेत हं" म्हटलं, तर रविवार आपला. लॉरेटाला यात लिहून द्यावं असं काही सापडणार नाही. बोलली तर पोरीसमोर त्या रात्रीचं बोलली, आणि पुढच्याही तशा रात्रीचं बोलली, म्हणजे दोन्हीकडून मेली.

"टिली, माझ्याकडे बघ. तुझं चुकलं नव्हतं."

"कोरीन," लॉरेटा म्हणाली.

"तू शेजाऱ्यांकडे गेलीस म्हणून मी आज इथे बसलेय. पातेल्याने मी उठले नसते. पाण्यानेही नाही. मी मरत होते, बाळा. ती झोप नव्हती."

"कोरीन, पोरी, थांब." लॉरेटा उभी राहिली. मांडीवरचे रुमाल खाली पसरले. "तुझी गुरुवारची तारीख आहे. मी जे ऐकते ते मला सांगावं लागतं. तोंड वळवता येत नाही मला."

"सांगा ना, मिस लॉरेटा. नाही कोण म्हणतंय? फक्त मला पुरं करू द्या."

लॉरेटा उभीच राहिली. दाराकडे जायचं तिचं काम होतं. ती गेली नाही, पण बसलीही नाही.

टिलीचा चेहरा उतरला होता. "मग तू परत झोपणारेस?"

असल्या प्रश्नाला कुठलीही आई एकच उत्तर देते. कोरीनच्या तोंडाशी ते आलंही होतं. जानेवारीत अंड्यांचं वचन किती पटकन निघालं होतं.

"झोपायचं नाही असं मी रोज सकाळी ठरवते," ती म्हणाली. "आजही ठरवलंय. उद्याचं मला माहीत नाही."

लॉरेटाने डोळे मिटून घेतले. हे वाक्य कोर्टात कसं ऐकू जाईल ते तिला चांगलं कळत होतं, आणि कोरीनलाही.

"म्हणून तिसरा धडा चूक आहे," कोरीन म्हणाली. "तो सिनेमा लिहिणाऱ्याला काही कळत नाही. मी उठले नाही की फोन उचलायचा, नऊ-एक-एक लावून ॲम्ब्युलन्स बोलवायची, आणि शेजाऱ्यांचं दार वाजवायचं. पाणी नाही, पातेलं नाही. आधी फोन."

"पण मग ते मला नेतील!"

"हो. नेतील."

टिलीला हे अपेक्षित नव्हतं. मोठी माणसं अशा वेळी नाही म्हणतात, काही होणार नाही म्हणतात. ती उठून बसली. "पिशवी घेऊन?"

"पिशवी घेऊन. तुला रडू येईल, आणि तू मला खूप शिव्या देशील मनातल्या मनात. तरी फोन करायचा."

"आणि तू नुसतीच झोपलेली असलीस तर? खरीखुरी झोप? दमून?"

"तर मी उठून तुझ्यावर चिडेन."

"खूप?"

"खूप. ॲम्ब्युलन्सवाले दारात, मी झोपेच्या कपड्यांत, सगळी गल्ली बघतेय. मी भयंकर चिडेन."

"तरी करू?"

"चिडू दे मला. तू फोन कर."

टिलीने मनगटाने नाक पुसलं. खडूचा निळा पट्टा गालावर उमटला. "पण मी सोमवारी वर्गात काय सांगू? तीन लागतात."

"हेच सांग."

"हा धडा सिनेमात नाहीये."

"नसू दे."

पुढच्या दाराशी जोलीनची गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला. लॉरेटाने खुंटीवरचा टिलीचा कोट काढला आणि हातात धरून ठेवला. वेळ अजून उरला होता, पण भेट संपली होती. "मला आता थांबवावं लागेल, पोरी," ती म्हणाली. "मी जे घडलं तेच सांगेन. सगळं सांगेन. पण त्याचा ते काय अर्थ काढतील ते माझ्या हातात नाही."

"माहीत आहे."

"शरद ऋतूपर्यंत जाईल हे."

"माहीत आहे, मिस लॉरेटा."

कोरीनने कोट तिच्याकडून घेतला. टिलीचा एक हात बाहीत घातला, मग दुसरा. चेन वर ओढली. हनुवटीपाशी ती नेहमी अडकायची, तिथे तिने मध्ये आपलं बोट घातलं. आत सगळं तसंच होतं, गार आणि शांत. रडू येईल म्हणून ती जरा थांबलीही, पण आलं नाही.

"मी उठले नाही तर काय करायचं?" तिने विचारलं.

टिली जमिनीकडे बघत होती. "नऊ-एक-एक."

"आणि मी चिडले तर?"

"चिडू द्यायचं."

"वर बघ. पुन्हा म्हण," कोरीन म्हणाली.