बायावहिनीची साक्ष

तलावातल्या मासळीच्या लिलावात आमच्या शेजारच्या फकिराभाऊनं मोठ्या साहेबाला विचारलं, "निवडणूक कवा होते जी?" ते आणीबाणीचं शहात्तर साल होतं. उत्तर म्हणून त्याला तुरुंगात नेलं.

पुढं कुठल्याशा दूरच्या देशाला आपल्या लोकशाहीची काळजी लागली. पकडलेली माणसं कुठं आहेत, असं तिथले लोक दिल्लीला नावानिशी विचारू लागले. त्या नावांत आमच्या एकोडीचा फकिरा कसा पोचला, देव जाणे. लाखनीच्या पोस्टमनला त्याचं घर सापडत नसे. सरकारनं कळवलं, तो घरीच आहे. खात्री करायला तिकडून एक पाहुणा निघाला. मग तो घरी असावा म्हणून त्याला जीपमधून घरी आणला.

नायब तहसीलदार त्याच्या बायकोला, बायावहिनीला म्हणाले, "पाहुण्याचं समाधान झालं तर नवरा कायमचा घरी. नाही तर परत आत."

वहिनीनं तलावातले झिंगे रांधले. फकिराभाऊ जेवला कमी, पोरीच्या डोक्यावरून हात जास्त फिरवला. फार वाळला होता.

गोरा पाहुणा दुभाष्याला घेऊन आला. दुसऱ्या एका गावी त्याला खोटाच माणूस दाखवला होता, म्हणून तो सावध होता. म्हणाला, "बाकी कुणी बोलायचं नाही. बायकोनं सांगावं, या माणसाचं नाव काय?"

वहिनीनं पदर पुढं ओढला. "हेच हायेत ना जी. आमच्या घरचे."

"नाव?"

"पोरीचे बाबा."

"पण नाव?"

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. फकिराभाऊ कळवळून म्हणाला, "घे ना वं! एक डाव घेतलं तं मी का मरून राहिलो?"

मरणाचं ऐकून तिची दातखीळच बसली. नायब साहेबांना घाम फुटला. "बाई, उखाण्यात घ्या! उखाण्यात चालतं!"

शेजारची गीताबाई मागून कुजबुजली, "तांदळाच्या राशीवर ठेवला पैसा..." वहिनीनं तेवढं म्हटलं आणि ती रडायला लागली.

दुभाष्यानं प्रामाणिकपणे भाषांतर केलं: कवितेशिवाय नाव सांगायची हिला मुभा नाही.

पाहुणा खूप गंभीर झाला. हा फकिरा नव्हे, म्हणाला. उद्या तो तुरुंगात जाऊन खरा फकिरा पाहणार होता. तेव्हा खरा फकिरा तिथं असणं भाग होतं. पाहुण्याची गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली आणि साहेबांनी फकिराभाऊला जीपमध्ये बसवलं.

"साहेब, उद्या तो याच माणसाले पाहीन ना?" मी विचारलं.

"तू गप. तुलाही निवडणूक पाहिजे का?"

मी जीपच्या वाटेतून बाजूला झालो.

जीप सुरू झाली तशी वहिनी अनवाणी पाळीवरून, तळ्याच्या बांधावरून, धावली. पदर खाली पडला. तलावाच्या पार पलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "फकिरा! फकिरा हाये जी तो! फकिरा!"

फकिराभाऊनं वळून पाहिलं नाही. त्या आवाजात त्यानं स्वतःचं नाव जन्मात ऐकलं नव्हतं. कुणी दुसऱ्यालाच हाक मारतंय, असं वाटलं असेल.