धूर बाहेर काढायचा पंखा

विजेच्या जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळून तो जिवंत करायचा, म्हणून अख्खी गल्ली त्याला वायंडर म्हणायची. रागावली की बायकोसुद्धा. आणि सध्या बाई रागावलेल्याच होत्या. पुढच्या खोलीत त्याचं काम, मागच्या खोलीत तिचा दमा. जुनी गुंडाळी जाळली, डाख लावला, की सगळा धूर तिच्या छातीत जाऊन बसायचा. "रविवारपर्यंत धूर गेला तर ठीक. नाहीतर मी चालले ताईकडे, कायमची," असं तिने सांगून टाकलं होतं.

मग काय, गडी हादरला. भंगारातून पंखा आणला, स्वतःच्या हाताने गुंडाळला, खिडकीत बसवला. मोटारीवर तळहात ठेवला, कान लावला. गरम नाही, आवाज गोड. झालं! वायंडर लोक पंखा असाच तपासतात.

खिडकीसमोरच त्याची खुर्ची. दुपारी उन्हाची तिरीप यायची, तिच्यात धुराचे निळे पदर सावकाश हलायचे. तोंडावर गार झुळूक यायची. डोळे जड व्हायचे, आणि त्याला वाटायचं, आपण नावेत बसलोय, घरच हळूहळू कुठेतरी निघालंय. आतून येणारा खोकलाही लांबच्या किनाऱ्यावरचा वाटायचा. इतकं सुख त्याला कित्येक वर्षांत लाभलं नव्हतं.

रविवारी दुपारी ती बॅग घेऊन बाहेर आली. धापा टाकत होती.

"अगं, एवढा पंखा लावलाय, तरी खोकला? मनाचे खेळ आहेत तुझे," तो म्हणाला. अरे शहाण्या, निदान आज तरी जीभ आवरायचीस!

तिने बॅग खाली ठेवली. शिवणाच्या डब्यातला दोरा काढला आणि खिडकीसमोर धरला. दोरा ताठ झाला. बाहेर नाही, आत. सरळ तिच्या खोलीच्या दाराकडे.

"काय हो वायंडर, कुठे चाललाय वारा?"

तो बघतच राहिला. ती गार झुळूक! बाहेरचा वारा आत येत होता, म्हणून तर तोंडावर लागत होता. दोन टोकं उलटी जोडली होती त्याने, पंखा उलटा फिरत होता. चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाने! लाजेने त्याचे कान तापले.

त्याने पंखा उतरवला, टोकं बदलली, पुन्हा बसवला. धूर क्षणभर घुटमळला, मग वळला आणि रांगेने खिडकीबाहेर निघाला. खोली स्वच्छ झाली. समोर ती उभी, केवढी वाळलेली. हे त्याला आज दिसलं.

"पाच दिवस मी तुझ्याच अंगावर धूर ढकलत होतो गं," तो म्हणाला.

"हे पाच दिवस पंख्याने," ती म्हणाली. "आधीची तीस वर्षं पंख्याशिवायच."

 तो म्हणाला, "जाळायचं काम उद्यापासून घरात नाही. बाहेर, रस्त्याच्या कडेला."

"आजपासून," ती म्हणाली, आणि बॅगेतला दम्याचा पंप काढून फळीवर जागच्या जागी ठेवला.