दोन्ही सारखेच

गल्लीत त्यांना दातवाले म्हणत. दात काढणारे नव्हेत, खोटे दात करणारे. दवाखान्यांतून ठसे यायचे आणि हे त्यावरून कवळ्या घडवायचे. पिवळसर पांढरा आणि पांढरट पिवळा यांतला फरक ते खिडकीशी उभं राहून एका नजरेत सांगत. घरी मात्र पडदा असो की पातेलं, बायकोनं दोन वस्तू समोर धरल्या की उत्तर ठरलेलं: "दोन्ही सारखेच." त्यावर तिचंही ठरलेलं: "डोळे आहेत का बटणं?"

ती गेली आणि दातवाल्यांना काही वाटेनासंच झालं. रडू नाही, राग नाही, भूकसुद्धा घड्याळ बघून. लोक म्हणाले, मोठा धीराचा माणूस. धीर कसला डोंबलाचा! दाढ काढण्याआधी हिरडी बधिर करतात, तसं सगळं आतून झालं होतं आणि ते उतरायचं नाव घेत नव्हतं.

लेकीचं तसं नव्हतं. ती रोज आईचा आवाज ऐकायची. आई मुद्रितं तपासायची, आणि कामाची तिची स्वतःची एक तऱ्हा होती. आधी मूळ मजकूर मोठ्यानं वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचा, अगदी स्वल्पविराम, पूर्णविराम म्हणत. मग तो ऐकत ऐकत छापील पानावरच्या चुका धरायच्या. वर्षानुवर्षांचं ते वाचन त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये पडून होतं, आणि दुसरीकडे कुठेही नव्हतं. मधेच "अहो, दूध उतू जातंय!" हेही त्यात होतं. लेक कानाला हेडफोन लावून बसे. दातवाल्यांनी मात्र एकदाही ऐकलं नव्हतं. "ऐकेन की, कुठे पळून चाललंय," एवढंच म्हणायचे.

लेक इमारतींचे आराखडे काढायला शिकत होती आणि तो कॉम्प्युटर आता प्रत्येक भिंतीला धापा टाकत होता. नवा प्रोसेसर घालायचं ठरलं. परवडणारे असे दोनच होते. एक जरा वेगवान, पण पडद्यावर चित्र उमटायला त्याला वेगळं कार्ड हवं. दुसरा किंचित मंद, पण चित्राची सोय त्याच्या पोटातच. कार्ड घरच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासून होतं, म्हणजे प्रश्न खरं तर तिथेच मिटला होता. पण दातवाले दोघांची तुलना करत बसले. आकडे वाचले, व्हिडिओ पाहिले, पुन्हा आकडे वाचले. तेवढा वेळ समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघावं लागत नसे.

"बाबा, लग्न नाही लावायचंय त्याच्याशी," लेक वैतागली. "घे कुठलाही."

दुकानातल्या बाईही तेच म्हणाल्या. "काका, एकोणीस-वीसचा फरक. पण बसवायच्या आधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या हं."

"हो हो," दातवाले म्हणाले आणि वेगवान घेऊन आले. उतरवून घ्यायचं काम लेक करणार होती, सुट्टीच्या दिवशी. पण दुपारी घर गप्प होतं आणि हात मोकळे होते. मिशीच्या केसाएवढी तार वाकवणाऱ्या बोटांना प्रोसेसर बदलणं म्हणजे किस झाड की पत्ती! त्यांनी जुना काढला, नवा अलगद बसवला आणि बटण दाबलं.

पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली. नवा प्रोसेसर दिसतो आहे. जुन्या किल्ल्या पुसायच्या असतील तर वाय दाबा, ठेवायच्या असतील तर एन.

"दोन्ही सारखेच," दातवाले रिकाम्या खोलीत पुटपुटले, आणि त्यांनी वाय दाबलं.

मग निळा पडदा आला आणि कुलपाचा लांबलचक आकडा मागू लागला. बायकोनं कधीतरी कॉम्प्युटरमधल्या सगळ्याला कुलूप घातलं होतं. किल्ली कॉम्प्युटरच्या आतच, जुन्या प्रोसेसरशी जोडून ठेवलेली असल्यामुळे ते रोज आपोआप उघडायचं, म्हणून कुलूप आहे हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आकडा कुठे ठेवलाय ते फक्त तिला माहीत. त्यांनी जुना प्रोसेसर परत घालून पाहिला. दुकानात फोन केला. "पुसलं ते पुसलं, काका," बाई हळूच म्हणाल्या.

लेक आली तेव्हा त्यांनी काही न लपवता सांगितलं.

"वाय का दाबलंस?"

"वाटलं, दोन्ही सारखेच."

ती ओरडली नाही. हेडफोन मांडीवर घेऊन जमिनीवर बसली. मग म्हणाली, "तू असं म्हणालास की आई काय म्हणायची?"

"डोळे आहेत का बटणं."

"असं नाही. तिच्यासारखं म्हण."

दातवाल्यांनी घसा खाकरला. 'बटणं' म्हणताना ती आवाज वर न्यायची की खाली आणायची? इतक्या वर्षांत हजारदा ऐकलेलं, आणि तेवढंच आठवेना. बधिरपणा एकदम उतरला आणि कळ थेट मस्तकात गेली.

"म्हण ना, बाबा."

ते म्हणाले. आवाज त्यांचाच निघाला.