राहीबाईची झूल

कडेगावची राहीबाई मोबाईलवर बघून रफूच्या टाक्याची नक्षी शिकली. सुई जरा वर, जरा खाली, दोऱ्याला दोरा लागून रेघा भरत जायच्या, की फूल उठतंय. यंदा बेंदराला, बैलांच्या सणाला, झुलीचं बक्षीस घ्यायचंच, असा तिचा हट्ट.

मिरवणुकीदिवशी एक फूल राहिलं. झूल सर्ज्या बैलाच्या पाठीवर असतानाच तिनं सुई चालवली. तेवढ्यात हलगी कडाडली आणि सर्ज्या सुटला. मागनं राहीबाईबी! झुलीबरोबर तिचा पदरच शिवला गेला होता.

"आगं, कुटं पळतीस?" नवरा लालासाहेब ओरडला.

"आवं, मी न्हाई, बैल पळतोय! पदर शिवलाय झुलीला!"

"थांब, कात्री आणतो!"

"खबरदार! दोरा तुटला की फूल उसवतंय, बक्षीस जातंय!"

गाव आ वासून बघत राहिलं. पंच तर खुर्चीवरनं ताडकन उठले. "पदराची झूल! आसली फॅशन कवा बघितली न्हाई," म्हणत पहिला नंबर देऊन मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी राहीबाईनं दार उघडलं. अंगणात गल्लीतल्या बाया आपापला बैल घेऊन, पदर पुढं करून उभ्या होत्या.

"राहीबाई, आमालाबी शिवा की!"