वाया गेलेली मते

पौषातले ऊन आमच्या गल्लीत घाईने येत नसे. आधी ते समोरच्या घराच्या कवेलूंच्या छपरावर फिकट, जवळजवळ पाण्यासारखे पसरे. मग भिंतीवरून खाली उतरताना त्याला हळूहळू रंग चढे. चुलींचा धूर गल्लीच्या तोंडाशी अडकलेला असे, आणि ऊन त्यात शिरले म्हणजे कळे की इतका वेळ आपण धुरातच बसलो होतो. कापसाच्या गाड्या पहाटेच जिनिंगकडे गेलेल्या असत. त्यांतून गळलेले पुंजके नालीच्या कडेला क्षणभर उजळत आणि पुन्हा मळकट होत. कोणाच्या लक्षातही येऊ नये, अशी ती नेहमीची सकाळ. त्या रविवारी मात्र मी तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिलो, कारण दुसरीकडे कोठे पाहावे हे मला कळत नव्हते. ऊन ओट्यावर चढले, खांबाला वळसा घालून पुढे आले, आणि रिकाम्या सतरंजीवर शांतपणे आडवे झाले.

सतरंजी आईने स्वतः झटकून अंथरली होती. वॉर्डाला सार्वजनिक नळ मंजूर झाला होता. तो कोठे बसवावा हे ठरवण्यासाठी नागरिकांनी मेंबरसाहेबांच्या ओट्यावर जमावे, अशी दवंडी आदल्या संध्याकाळी पिटवली होती. मेंबरसाहेब म्हणजे माझे वडील, अमरावतीचे जुने वकील. घरात आम्हीही त्यांना बापूसाहेबच म्हणत असू. मी नागपूरहून कायद्याची परीक्षा देऊन, सनद घेऊन आलो होतो आणि त्यांच्या हाताखाली काम शिकत होतो.

बापूसाहेब मतांनी मेंबर झालेले नव्हते. सत्तावन्नच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध चंद्रभान उभा होता. गल्लीच्या टोकाला राहणारा, गावाबाहेर थोडी काळी जमीन आणि घरी बैलगाड्या असलेला शेतकरी. पावसाळ्यात गल्ली चिखलाने भरली तेव्हा त्याने आपल्या गाड्यांनी मुरूम आणून टाकला होता, आणि त्या कामाचे नगरपालिकेचे कंत्राट त्याच्या नावावर चालू होते. कंत्राटदाराला निवडणुकीला उभे राहता येत नाही. नियम चांगला आहे; तो नसता तर नगरपालिका केव्हाच कंत्राटदारांच्या घरी नांदायला गेली असती. छाननीत आमची हरकत फेटाळली गेली, तेव्हा बापूसाहेबांनी मतदानाआधी दवंडी दिली: चंद्रभान अपात्र आहे, त्याला दिलेले मत वाया जाईल. तरी चंद्रभान निवडून आला, आणि मोठ्या फरकाने.

आम्ही कोर्टात गेलो. कंत्राट कागदावर होतेच; आम्हाला एकच गोष्ट शाबीत करायची उरली होती, की मतदारांना अपात्रता ठाऊक होती. जाणूनबुजून अपात्र माणसाला दिलेले मत मोजायचे नसते. ते बाजूला काढले की उरलेल्या मतांवर बापूसाहेब निवडून आले असे ठरत होते. दवंडीवाल्याची साक्ष मीच काढली. त्याने कोठे कोठे थांबून ढोल वाजवला, कोण दारात आले, कोणी काय विचारले, सारे नीट वदवून घेतले. न्यायाधीशांनी ते मान्य केले. निकाल कायद्याला धरून होता.

आणि त्याच दिवसांत, कोर्टातून घरी आल्यावर, मी आईला समजावीत असे, "अगं, लोकांना ती दवंडी कळलीच नसेल. नाहीतर बापूसाहेबांसारखा माणूस कोण सोडील?" या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी राहत होत्या, आणि मी त्यांची कधी गाठ पडू दिली नाही.

"चहा उकळून उकळून काढा झाला रे," आई दारातून म्हणाली. "येतात ना लोक?"

तेवढ्यात विहिरीवरून घागर घेऊन पार्वताबाई आल्या. गल्लीतल्या साऱ्यांनाच त्या दरडावून बोलत.

"काहून गा चिंतामण, सतरंजी वाळू घातली काय?"

"नळाची सभा आहे, मावशी. मेंबरांनी बोलावली आहे. बसा ना."

"चंद्रभान तं घरीच हाये."

"मेंबर बापूसाहेब आहेत."

"ते कोर्टाचे मेंबर. कोर्टाले पानी लागत असन, तं येईन कोर्ट सभेले." आणि घागर सावरीत त्या पुढे गेल्या.

आत बापूसाहेबांनी हे ऐकले असावे. ते कोट-टोपी घालून बाहेर आले आणि तक्क्याला न टेकता बसले. बऱ्याच वेळाने चंद्रभान एकटाच आला आणि पायरीशी उभा राहिला.

"रामराम, वकीलसायेब. नळ पिंपळाखाली पायजे, असं लोकायचं म्हननं हाये. तुमची सही तेवढी लागते."

"कोणी ठरवलं?"

"काल आमच्या आंगनात बसलो होतो समदे."

"चंद्रभानजी, अशी पद्धत नसते. लोकांनी इथं येऊन मला सांगायला हवं."

चंद्रभानने सतरंजीकडे पाहिले, मग बापूसाहेबांकडे. त्याच्या चेहऱ्यावर विजय असता तर मला सोपे गेले असते. पण तो ओशाळला होता. "आनतो जी बोलावून," तो हळूच म्हणाला, आणि गल्लीत उभा राहून त्याने एकदाच हाक दिली, "या रे सारे! सायेबाचा चहा थंडा होऊन राहिला!"

माणसे आली. बायका खांबांशी उभ्या राहिल्या, पुरुष सतरंजीच्या कडांना बसले. बापूसाहेब एकेकाला नाव घेऊन मत विचारू लागले. प्रत्येक जण आधी चंद्रभानकडे पाही आणि मग म्हणे, "पिंपळाखाली."

"पिंपळाची मुळं पाइप फोडतील," बापूसाहेब म्हणाले. "विहिरीजवळ जमीन पक्की आहे. तिथं बसवू."

माना पुन्हा चंद्रभानकडे वळल्या. चंद्रभानने मान खाली घालून विचार केला. "सायेब बरोबर म्हनून राहिले. मुळाईचं आपल्या ध्यानातच नाही आलं. विहिरीपाशीच बरा."

"विहिरीपाशीच बरा," सतरंजी एका सुरात म्हणाली.

बापूसाहेबांनी ठराव लिहून सही केली. कप फिरले. मला वाटले, आता सुटलो. पण पार्वताबाई खांबामागून पुढे आल्या.

"एक इचारू काय, वकीलसायेब? आमचे मतं वाया गेले म्हनते कोर्ट. काहून?"

बापूसाहेबांनी पक्षकाराला समजावतात तसे शांतपणे समजावले. कंत्राट, अपात्रता, पूर्वसूचना. "तुम्हाला दवंडीनं आधी कळवलं होतं, बाई."

"हो ना. आईकली. समजली बी. घरी जाऊन आमी बोललो बी त्याच्यावर."

"मग तरीही त्यालाच मत का दिलंत?"

ज्याचे उत्तर ठाऊक नाही असा प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नसतो. हे त्यांनीच मला शिकवले होते. पार्वताबाईंनी पदर नीट केला.

"तुमी मानूस चांगले हा जी. पन तुमच्या ओट्यावर चढाले आमाले पक्षकार व्हा लागते. आज पयल्यांदा फुकट बसलो इथं."

सारे हसले. चंद्रभान हसला नाही. बापूसाहेब थोडेसे हसले, जसे कोर्टात दुसऱ्या बाजूच्या कोटीला हसावे लागते तसे. मग एकेक जण रामराम करून उतरला. गल्लीत पोहोचल्यावर त्यांचे बोलणे पुन्हा मोठ्याने सुरू झाले.

बापूसाहेबांनी कोट काढून मांडीवर त्याची घडी केली. ते एकाएकी फार थकलेले दिसले.

"सभा चांगली झाली, नाही?"

"हो."

"निकाल बरोबरच होता ना रे, चिंतामण?"

"कायद्याने बरोबर होता."

मी आणखी काही बोलेन म्हणून ते माझ्याकडे पाहत राहिले. दाखले होते, कलमे होती, मीच तयार केलेला युक्तिवाद होता, आणि त्यांतले काहीही खोटे नव्हते. मी उठून सतरंजी गुंडाळू लागलो. लोकांना माझे वडील नको होते.