न विचारता घेतलेलं माप

जव्हारच्या मेहबूब मणियाराला एका गोष्टीची भारी घमेंड होती. बाईचा हात एकदा दाबला, की बांगडीचं मापच काय, तिच्या मनात काय चाललंय तेही आपल्याला कळतं, असं तो सांगत सुटे. गिऱ्हाइकाला काही विचारणं त्याला कमीपणाचं वाटे. स्वतःच्या बायकोच्या मनातलं मात्र त्याला पंचवीस वर्षांत एकदाही कळलं नव्हतं, पण ते जाऊ द्या.

खोडाळ्याच्या बाजारात पोशेऱ्याची हिरी ही त्याची वीस वर्षांपासूनची गिऱ्हाईक. तिच्या घरच्या प्रत्येक लग्नाचा चुडा त्यानेच भरलेला. सोनीच्या, म्हणजे हिरीच्या लेकीच्या, दोन आठवड्यांवर आलेल्या लग्नाचाही आपणच भरणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. पण मागच्या बाजारी हिरीच्या हातात चढवताना बांगडी वाढली. फुटली असं मणियार मरेपर्यंत म्हणायचा नाही. काच रुतली, रक्त आलं, आणि बांगड्या भरल्यावर मणियाराला करायचा नमस्कारही न करता हिरी निघून गेली. या बाजारी तर तिने त्याला पाहिलं, हात पदराखाली घेतले, तोंड फिरवलं आणि मिठाच्या गोण्यांमागून चालती झाली.

झालं! हिरीने आपल्याला अपशकुनी ठरवलं. सोनीचा चुडा गेला. मग पोशेरा गेलं, खोडाळा गेलं, सगळा मोखाडा तालुका गेला. एसटी जव्हारच्या स्टँडवर लागेपर्यंत मेहबूबचा धंदा बुडाला होता, पेटी विकली गेली होती आणि तो भिवंडीच्या यंत्रमागावर कामाला लागून तिथूनही काढला गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बायकोला, नूरुन्निसाला, जाहीर करून टाकलं, "खोडाळ्याचा बाजार बंद. माझा हातच वाईट."

"एक वाढली तर हात वाईट? मग आजवर हजारो चढल्या त्या कुणाच्या हातानं?"

"त्यांचं वेगळं."

"वेगळं कसं?"

मेहबूबने चहा मागितला.

नूरुन्निसाने चहा दिला नाही. तिने त्याच्यापुढे दोऱ्यात ओवलेल्या बांगड्यांचा एक तोडा ठेवला आणि शेजारी वाढलेल्या बांगड्यांच्या काचांचा डबा. "जे डोळ्यांनी बघितलं, त्याची अख्खी बांगडी ठेवायची. जे डोक्यातून काढलं, त्याची काच. बोला."

"बांगडी वाढली." बांगडी. "नमस्कार केला नाही." बांगडी. "तोंड फिरवलं." बांगडी. "मला अपशकुनी समजते."

"तिनं सांगितलं तुम्हाला?"

"न सांगता कळतं मला."

काच. गावभर बोंब झाली, काच. लग्नाला दुसरा मणियार बोलावला, काच. भिवंडी आली तेव्हा नूरुन्निसाला हसू आवरेना. चटईवर तीन बांगड्या होत्या आणि ओंजळभर काचा.

"सगळा फुटका माल," मेहबूब पुटपुटला, आणि आपण कोणता शब्द उच्चारला हे कळून त्याने जीभ चावली.

"आता पोशेऱ्याला जा आणि विचारा तिला."

"आणि हाकललं तर?"

"तर आणखी एक बांगडी ठेवू."

पेटी खांद्याला लावून तो निघाला. दुष्काळात सुरू झालेलं रस्त्याचं काम पोशेऱ्याजवळ अजून चालू होतं, आणि हिरी तिथे खडी फोडत बसली होती. त्याला पाहताच तिने हात पुन्हा पदराखाली घेतले. तिथूनच मागे फिरावं असं त्याला वाटलं, पण घरी तो काचांचा डबा होता.

"हिरीबाई, माझ्यावर राग आहे का?"

"तुमच्यावर? कशाला, भाऊ?" हिरीने हात हळूच बाहेर काढले. मनगटात प्लास्टिकच्या हिरव्या बांगड्या होत्या. "खडी फोडताना काच टिकत नाय. मंग ह्या दुसऱ्याकडनं घेतल्या. तुमाला कशा दाखवू? लाज वाटली. आन् त्या दिशी हात असा ठणकत व्हता, नमस्कार करायचाबी राहिला."

"आणि सोनीचा चुडा?" त्याचा आवाज नको तितका बारीक निघाला.

"तुमी नाय तर कोन भरनार?"

मेहबूबला हसावं की रडावं कळेना. भिवंडीहून तो एका क्षणात परत आला. "मग लग्नात तुझ्याही भरायच्या, आईचा हात काचेविना नको," असं म्हणत त्याने सवयीने तिचा हात हातात घेतला आणि दाबला.

आणि तसाच धरून राहिला. हाताचे सांधे सुजले होते, तळव्याची कातडी खरखरीत झाली होती. दोन-चारचं लहान माप या हाताचं आता राहिलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी घेतलेलं माप डोक्यात धरून त्याने मागच्या बाजारी लहान बांगडी या हातावर रेटली होती. शकुन नाही, अपशकुन नाही, सगळी करणी त्याची. तिच्या मनातलं ओळखण्याच्या नादात हातातला हात त्याने पाहिलाच नव्हता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना.

त्याने माप बघायला पेटीतून मोठी बांगडी काढली. ती चढवण्याआधी आयुष्यात पहिल्यांदा त्याने गिऱ्हाइकाला हाताबद्दल विचारलं, "दुखतं का?"

हिरीने दुसरा हातही पुढे केला.

"दुखतं," ती म्हणाली. "लई दिस झाले, भाऊ."